पाणवठ्यावरचा साफ फोटो

बाबा,

मुलानं जंगलात लावायला दोन कॅमेरे आणलेत. झाडाला बांधून ठेवायचे, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो. कोणता ठेवावा हे ठरवायला काल त्यानं चितळांचे फोटो माझ्यापुढे मांडले. फोटोवाल्याची पोरगी, मलाच विचारणार. मीही तुमच्यासारखीच आधी कानाची कड पाहिली, मग शिंगांची टोकं, मग डोळा फ्लॅशनं पांढराफटक तर पडला नाही ना. मग जीव असा उबगला की उठून स्वयंपाकघरात गेले.

सदर भागातल्या आपल्या स्टुडिओत जंगलखात्याचा साहेब असेच दोन कॅमेरे तपासायला फिल्म घेऊन यायचा. पाणवठ्याच्या वाटेवर दोरा ताणलेला असे, हरणाचा पाय लागला की खटका पडे. खात्यानं कोणता कॅमेरा घ्यायचा ते तुम्ही सांगायचं, आणि काय ऐट होती तुम्हाला त्याची! ओली निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरून तुम्ही एक डोळा मिटायचात. तुमची रीतच तशी होती. निगेटिव्हमध्ये कोण आहे ते पाहायचंच नाही, कसं आलंय तेवढंच पाहायचं. नवरदेव कोण नि मयत कोण, हे तुम्हाला छापल्यावर कळायचं.

तेव्हा मी मॅट्रिक होऊन तुमच्या हाताखाली काम करत होते. त्या दिवशीच्या फिल्ममध्ये एक फासात अडकलेलं चितळ होतं आणि मागं वाकलेला एक माणूस. चेहरा ओळखू येईल का, असं साहेबानं विचारलं. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं झालेलं, तिथं सख्खा माणूसही परका दिसतो. तुम्ही भिंग लावून खुशीत म्हणालात, "मिशीचे केस मोजून घ्या, साहेब. हाच कॅमेरा घ्या." लगेच छपाईचा मोठा कागद काढलात. साहेब हौसेनं डार्करूममध्ये आला, आपल्या मागं उभा राहिला. लाल दिव्यात डेव्हलपरमधून आधी चितळाचे ठिपके वर आले, आणि मग काका. तुमचा धाकटा भाऊ. वाडीच्या गोदामातली हमाली सुटल्यापासून तो जंगलात कशाला जातो हे आपण कुणी विचारलं नव्हतं. त्यानं आणलेलं मटण मात्र खाल्लं होतं.

कागद डेव्हलपरमध्ये थोडा वेळ तसाच ठेवला असता तर काळाठिक्कर पडला असता. पुन्हा छापतो म्हणून निगेटिव्हवर नखाची रेघ ओढता आली असती. मी तुमच्या हाताकडे पाहतेय. तुमचा चिमटा खाली जातो, अगदी वेळेवर, आणि तुम्ही कागद उचलून हायपोत, फोटो पक्का करायच्या पाण्यात, टाकता. साहेब वाकून बघतो, खूश होतो.

तो गेल्यावर मी विचारलं, "बाबा, काहून काढला? काळा होऊ द्याचा होता."

"साफ उतरला होता वं," तुम्ही म्हणालात. "हात थांबलाच नाही."

त्या फोटोवरून काकाला तुरुंग झाला. बाहेर आला तो खोकतच, आणि आपली पायरी पुन्हा चढला नाही. मला तुमचा राग आला, अजून येतो. तो वारला तेव्हा काकू आली. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता, आणि फोटोवाल्याच्या सख्ख्या भावाचा घरात एकही फोटो नव्हता. उद्या काढू, परवा काढू करत वर्षं गेली होती. तुम्ही कपाटात दडवलेली त्याच फोटोची एक प्रत काढलीत, कात्रीनं चितळ कापून टाकलंत आणि नुसता चेहरा तिच्या हाती दिलात. तिनं तो पदराखाली झाकून नेला. तुम्ही दुकानाचं शटर ओढून आत बसून राहिलात.

काकूच्या मागं तो फोटो माझ्याकडे आला, आता बैठकीच्या भिंतीवर असतो. हे मी कुणाला बोललेली नाही, हे कागदही कुणाला दाखवणार नाही. काल स्वयंपाकघरातून परत आले तर मुलगा त्या फोटोपुढे उभा होता. म्हणाला, "आई, या दोन्ही कॅमेऱ्यांपेक्षा हा साफ आलाय. आजोबांनीच काढला ना?"

मी हो म्हटलं. स्टुडिओत खुर्चीवर बसवून, भावाचा म्हणून मायेनं काढला, असं सांगितलं.