झाडांची हवा

अंबड, मंगळवार
१७ फेब्रुवारी २००४

चि. भुजंग यास बेबीताईचे आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तिकडेही असावं, असं लिहायची रीत आहे. पण परतूरच्या जिनिंगमध्ये दिवसभर कापसाची धूळ आणि दोन वेळा खानावळीची आमटी, यात क्षेम कितपत मावतं ते मी जाणून आहे. तोंडाला रुमाल बांधत जा.

तुझे मासे जिवंत आहेत. एक गप्पी गेल्या महिन्यात निवर्तला. त्याची उत्तरक्रिया शेजारच्या मांजरीने तत्परतेने उरकली. बाकीचे अकरा माझी चाहूल लागताच काचेपाशी गोळा होतात. दहावी ब मध्ये गेल्यावर एवढं स्वागत मला कधी लाभलं नाही.

झाडांचं मात्र पोरकेपण लपलं नाही. दिवाळीत तू गेलास आणि महिन्याभरात तुझं पाणगवत पिवळं पडलं, पानांवर काळं शेवाळ धरलं. शेवटी विज्ञानाच्या देवानंद सरांना चहाला बोलावलं. त्यांनी टाकीमागे हात घालून तुझी कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली बाहेर काढली. झाकणाला भोक, त्यात सलाईनची नळी, भोवती एम-सील. बाटलीवर तुझ्या अक्षरातला कागद : साखर दोन वाट्या, कोमट पाणी, यीस्ट पाव चमचा, दर तीन आठवड्यांनी बदलणे.

सर खूश झाले. "बाई, तुमचा भाऊ लई डोकेबाज हाय. यीस्ट साखर खातं अन् कार्बन डायऑक्साईड सोडतं. तो नळीतून पाण्यात जातो, झाडं त्याच्यावर वाढतात."

"आणि बाटलीत काय उरतं?"

"दारूच की! पण प्यायची न्हाई बरं का, मोरीत ओतायची."

सरांनी दोन कप चहा घेतला. माझा तसाच राहिला.

मग मीच कामाला लागले. बेकरीवाला म्हणाला, "बाई, पाव करून राह्यल्या का?" म्हटलं, "नाही, गवत." तुझ्या कागदाबरहुकूम सगळं केलं. दुसऱ्या दिवशी नळीच्या टोकाशी बुडबुडे सुटले, आणि पंधरा दिवसांत हिरवी पाती वर आली. आता टाकीवरची ट्यूब लावली की तासाभरात पानापानावर बारीक मोती धरतात आणि एकेक सुटून वर जातात. दारू सोडल्यापासून रोज संध्याकाळी सातला तू वेताचा मोढा ओढून तिथे बसायचास. मला वाटायचं, गवतात एवढं काय पाहतो हा? आता मीही बसते. पिण्याची ती वेळ रिकामी ठेवायची नव्हती तुला, हे आत्ता कळलं.

परवाच्या शुक्रवारी तीन आठवडे भरले. बाटली मोरीत ओतायला घेतली आणि तोच वास आला.

दिवाळीच्या आदल्या सकाळी तू तिथेच उभा होतास, हातात हीच बाटली. म्हणालास, "ताई, झाडांची हवा हाय ही." मी म्हटलं, "अकरा महिन्यांत थापा तरी बऱ्या मारायला शिकलास." तू मान खाली घातलीस आणि पिशवी भरलीस.

तर शुक्रवारी मी त्या वासात उभी, आणि शेजारच्या झुंबरबाई विरजण मागायला आल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं माय! बाई, तुम्ही पण?"

"अहो, झाडांची हवा आहे ही."

"हौ, हौ," म्हणाल्या आणि विरजण न घेताच गेल्या. संध्याकाळी गल्लीतल्या दोन बायकांनी माझी तब्येत विचारली.

धूर दिसला की अग्नी आहे, या अनुमानावर आम्हा न्यायशास्त्र शिकलेल्यांचा केवढा भरवसा! वास आला, म्हणजे दारू आहे. अनुमान बिनचूक होतं बघ. दारू होतीच. फक्त ती कुणी पीत नव्हतं.

आता जे लिहायचं ते इतका वेळ टाळलं. तुझ्या बायकोला कोणी कळवलं, हे तू मला कधी विचारलं नाहीस. मीच कळवलं. तू परतूरच्या गाडीत बसलास त्याच दुपारी कार्ड टाकलं : "भुजंग पुन्हा पिऊ लागला." वर्षभर कोरडा राहिलास तर नांदायला येईन, असा द्वारकेचा शब्द होता, आणि साक्षीदार मी होते. एक महिना उरला होता.

उरलेली अर्धी बाटली पिशवीत घालून मी रविवारी जाफराबादला तिच्या माहेरी गेले. जालन्यापासून एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. द्वारकेने वास घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि झाकण लावलं.

"ताई, त्यांचं पत्र दिवाळीतच आल्तं. मी प्यालो न्हाई, असं लिहिलं व्हतं. अन् लिहिलं व्हतं, ताईचं कार्ड आलं असंल तर तिला बोल लावू नको, तिला वास खरंच आल्ता."

"मग तू त्याचं का नाही मानलंस?"

"त्यांनी धा वेळा शपथा घेतल्या अन् मोडल्या. तुम्ही कधी खोटं बोलत न्हाईत. मंग मी तुमचं खरं धरलं."

भुजंगा, जन्मभर खरं बोलत आले, आणि त्याचा उपयोग झाला तो तुला खोटं पाडायला.

द्वारका येत्या रविवारी परतूरला येते आहे. बोलायला येते, नांदायला नव्हे, हे तिने दोनदा बजावलं. पण तुझ्या खोलीत ट्रंक ठेवायला जागा आहे का, हेही विचारलं. खोली झाडून ठेव. मी सोबत यावं की नाही, ते तू कळव. नको म्हणालास तर मी समजून घेईन.

क्षमेचे श्लोक मला ढीगभर येतात. ते देवापुढे म्हणायचे. धाकट्या भावापुढे काय म्हणायचं, हे कोणत्या पाठशाळेत शिकवलं नाही. म्हणून साधंच लिहिते.

चुकले रे, भुजंगा.

तुझी
बेबीताई