ॲनिमेच्या टिपणांची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, निवृत्त अध्यापिका, वय सदुसष्ट, अविवाहित, आज शुद्धीत व सावध आहे. औषधांनी झोप फार येते, पण बुद्धी शाबूत आहे, असे डॉक्टरीणबाईंचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्या पश्चात कुणी भांडत बसू नये म्हणून ही व्यवस्था राजीखुशीने, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, लिहून ठेवत आहे.

१. माझी खरी मिळकत म्हणजे संशोधनाची साधने. ॲनिमेचे, म्हणजे जपानी कार्टूनपटांचे, चाहते काय विकत घेतात, का घेतात आणि घरी नेऊन त्याचे काय करतात, हा माझा विषय. बिल्ले, पोस्टर, छोट्या मूर्ती, दुकानांच्या पिशव्या, मेळाव्यांची पत्रके, मुलाखतींच्या कॅसेट. प्रत्येक वस्तूला एक कार्ड. त्यावर ती कुठून आली, कुणी घेतली होती, आणि खाली माझे टिपण. हे सर्व टोपीवालीला द्यावे. मांजराच्या कानांची टोपी घालून पहिल्या मुलाखतीला आलेली ती मुलगी आता दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. माझीही तिनेच केली. उत्तम बसते.

२. तिलाच का, हे सांगणे भाग आहे. तिच्या एका मूर्तीच्या कार्डावर मी लिहिले होते, ‘एकटेपणावर उतारा म्हणून खरेदी.’ तिने ते वाचले आणि ती शांतपणे म्हणाली, “बाई, हिच्यासाठी आम्ही चौघी पहाटेपासून रांगेत होतो. एकटं कोण होतं?” मी पेन तिच्या हातात दिले. तेव्हापासून माझ्या टिपणाखाली त्या त्या चाहत्याचे टिपण असते. पुष्कळदा ते माझे म्हणणे खोडून काढते. दोन्ही राहू द्यावीत.

३. आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी यावर पुस्तक छापायची तयारी दाखवली होती. अट एकच, चाहत्यांचा मजकूर गाळायचा. पोरासोरांच्या गिरगोट्यांना संशोधन म्हणत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मी नाही म्हटले. पुस्तक राहिले, बढतीही राहिली. त्यांना यातले एक कार्डही देऊ नये. शोकसभा झालीच तर मात्र त्यांना बोलू द्यावे. ते छान बोलतात.

४. मूर्तींची न उघडलेली खोकी उघडायची की तशीच ठेवायची, हे टोपीवालीने ठरवावे. विकत घेऊन लोक ती बंदच का ठेवतात, असे भावजय दर साफसफाईला विचारते. तिला पटेल असे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

५. गेल्या वर्षी मी इस्पितळात असताना याच घरात राहणाऱ्या धाकट्या भावाने माझ्या खोलीतली निम्मी खोकी भंगारवाल्याला देऊन टाकली. टोपीवालीला कळताच ती मैत्रिणींना घेऊन गोदामात गेली. आपापले अक्षर ओळखून त्यांनी कार्डे वेचून आणली. कॅसेट मिळाल्या नाहीत. घरी आल्यावर मी भावाशी बोलणे टाकले, आणि मृत्युपत्र करून राहते घर ग्रंथालयाला दिले. ते मृत्युपत्र याद्वारे रद्द करत आहे.

६. त्याचे कारण असे. परवा भावजय बोलता बोलता म्हणाली की, डॉक्टरांनी तेव्हा माझी आशा सोडली होती. भाऊ ते मानायला तयार नव्हता. खोलीत इस्पितळासारखी खाट आणि ऑक्सिजनचे यंत्र मावेना, म्हणून त्याने खोकी बाहेर काढली. ताई रागावतील, असे ती त्याला म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला, “रागवायला ती घरी तर येऊ दे.”

ती खाट आली. याच खाटेवर बसून हे लिहिते आहे.

राहते घर व बँकेतली शिल्लक धाकट्या भावाला मिळावी. त्यावर इतर कुणी हक्क सांगू नये. कॅसेट गेल्याचे दुःख मला आहे, ते कायम आहे, आणि त्याचा या कलमाशी संबंध नाही.

हे अजून त्याच्याशी बोललेले नाही. उद्या सकाळी चहाला मीच त्याला हाक मारणार आहे. तेवढे राहून गेलेच, तर हे सहावे कलम, हा कागद ज्यांच्याकडे राहील त्या वकीलबाईंनी त्याला एकट्याला वाचून दाखवावे.

ठिकाण: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च

सही: (लिहून ठेवणारी)

आमच्यासमक्ष वाचून सही केली:
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले