नऊ लाख दोन हजार चारशे एक्याण्णव

आबा, तुमचा राहिलेला शेवटचा भागाकार मी काल केला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

कारखान्याच्या वजनकाट्यावर, तुमच्या केबिनमध्ये, मशीनच्या पितळी पट्टीवर नंबर कोरलेला होता, 902491. तो कशानं भागतो हे बघायचा तुम्हाला नादच लागला. मीच सांगितलं होतं, फक्त प्राइमनं, म्हणजे मूळ संख्येनं भागायचं आणि साडेनऊशेच्या आतच, कारण साडेनऊशेचा वर्ग या नंबरच्या पुढं जातो. मग दोन ट्रॉल्यांच्या मधे तुम्ही खराब पावत्यांच्या पाठीवर भागाकार करत बसायचात. ड्रायव्हर खिडकीतून ओरडतोय, "आवं आबा, ऊस सोडून कसलं वजन करताय?" आणि तुम्ही मान वर न करता, "थांब रं गड्या, बाकी उरती का बघतो."

एकदा स्वयंपाकघरात आईनं विचारलं, भाकरी किती उरल्यात? मी पुस्तकातून डोकं न काढता "तीन" म्हटलं. तुम्ही उठून टोपली उघडली. दोन होत्या. "बघितल्याबिगर आकडा सांगायचा न्हाई. काट्यावर मी आसं केलं तर लोकं मारतील मला." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग मी सांगलीला हॉस्टेलवर, फर्स्ट इयरला. तुमचा फोन आला. "अगं, एकशे साठ भागाकार झालं. एकच राहिलाय. कॉम्प्युटरवर बघतीस का मीच करू?" मैत्रिणी खाली रिक्षात थांबल्या होत्या. "बघितलंय मी, आबा. प्राइम आहे. कशानंच भागत नाही."  मग, "व्हय? लय भारी की गं!" आणि फोन चालू ठेवूनच कुणाला तरी सांगत होतात, "पोरगी म्हणती, ह्याला कोनच भागत न्हाई." महिन्याभरात तुम्ही गेलात.

मला नंतर नंबर्सचं वेडच लागलं. गाडीचा, तिकिटाचा, मोठा नंबर दिसला की फोडून बघते. तुमचा हा एकच कधी फोडला नाही. काल आईनं तुमच्या पावत्यांचा गठ्ठा दिला. शेवटच्या पावतीवर 941, बाकी 72. त्याखाली 947 लिहून रेघ मारलेली, पुढं कोरं. मी पेन्सिलनं त्याच रेघेखाली भागाकार केला. 953 वेळा. बाकी शून्य. आबा, हे शून्य बघून तुम्ही केबिनमधून बाहेर येऊन सगळ्या ट्रॉलीवाल्यांना ओरडून सांगितलं असतं. तेवढंच मी तुमच्याकडून हिरावून घेतलं, खाली थांबलेल्या रिक्षासाठी.

आज पावत्या पिशवीत घालून काट्यावर गेले. तोच ड्रायव्हर, डोकं पांढरं झालंय. "आबांची पोरगी न्हवं तू? आबा समद्यास्नी कौतुकानं सांगायचं, त्यो नंबर आजून कोन भागत न्हाई न्हवं?"

"न्हाई काका," मी म्हटलं. "कोनच न्हाई."

या वेळी मी बघितलं होतं, आबा.