अफू आणि जपानी सिपाही

साखरा, सोमवार, १९४३

दुपारी चावडीवर फौजेच्या भरतीचा साहेब आला होता. म्हणाला, "जपानी सिपाही अफीम खाके लढते, इसलिए मौत को डरते नहीं." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं.

उठून म्हणालो, "साहेब, आमच्या बाया कापूस वेचायला जाताना तान्ह्या लेकराला अफू चाटवतात. काहून? ते दिवसभर निजावं म्हणून. अफू खाल्लेला सिपाही बंदूक धरील का घोरत पडील?"

चावडी हसली. दगडूतात्या ओरडले, "पोरगं बराबर बोलून राहिलं!"

तिथंच खाली बसायचं होतं. पण पाटील, सुमनचे वडील, फणकारले, "असली थेरं आमच्या घरात न्हाईत."

"कशी न्हाईत? सुमनला चाटवली होती. तिनंच सांगितलं मला."

तिनंच सांगितलं मला! बिनलग्नाच्या पोरीचं नाव, भर चावडीवर. पाटील उठले, जोडा घालून घराकडं गेले.

आई आत्ता ऐकून आली. सुमनला उद्या मामाच्या गावी, हट्ट्याला, धाडून राहिले, लग्नही तिकडंच उरकणार. मास्तरशी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हा असं एकटं वाटलं नव्हतं. जपान्यांबद्दल मी खोटं बोललो नाही. पण तिनंच सांगितलं, हे कुणी विचारलं होतं?

तिची गाडी आमच्याच दारावरून जाईल. मी नुसता बाहेर उभा दिसलो तरी लोक तिलाच बोलतील. उद्या दार लावून आत बसायचं. तिच्यासाठी आता एवढंच करता येईल.