वेहेरच्या घराचा नवा रंग

प्रिय आई,

वेहेरला सुखरूप पोहोचले. एन्कार्नामावशी नीट जेवते. खोकला थोडा आहे.

थोडा नाही. फर्मीनमामाने यंदा चुना न देता घराला आतूनबाहेरून प्लास्टिकचा रंग फासलाय. समुद्रावरून येणारी ओल भिंतीत कोंडते. मावशीच्या उशाशी बुरशी आली आहे.

मी बोलले तर म्हणतो, "इंजिनीअरबाई, पर्यटकांना गाव पांढरं दिसलं की झालं! भिंत काय श्वास घेते?"

"भिंत घेत होती, मामा. आता मावशीलाही घेता येत नाही."

आज सकाळपासून मी तो रंग खरवडते आहे. मामा तुला फोन करेलच. तेव्हा आधी मावशीला फोन द्यायला सांग, तिचा खोकला ऐक आणि मग खुशाल भावाची बाजू घे.

तुझा गुडघा कसा आहे?

तुझी,
नीव्हेस