लाल गाडी, जुना गिअरबॉक्स आणि सरूबाई

मी, भिकाजी निवृत्ती केदारी, वय ५१, माजी ट्रक ड्रायव्हर, राहणार भांगरवाडी, लोणावळा, आज पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्या मेहुण्याचं मत वेगळं आहे. ते कोणी विचारलेलं नाही.

हे मृत्युपत्र लिहायची घाई अशासाठी की खंडाळ्याचे एक बंगलेवाले साहेब आपल्या दोन विलायती स्पोर्ट्स मोटारी, एक हिरवी, एक लाल, विकताहेत. ट्रक विकून माझ्याकडे एकीपुरतेच पैसे आहेत, आणि कुठली घेणार ते उद्या दहाला सांगायचंय. चार दिवस जेवण जात नाही. लग्न ठरलं तेव्हा जात होतं.

हिरवीचा गिअरबॉक्स नवा. चालत्या गाडीत पहिला गिअर बोटाने ढकलला तरी पडतो. पण बिघडला की भाग विलायतेहून येईपर्यंत गाडीत कोंबड्या डालायच्या. लालचा जुना. तिथे डबल क्लच लागतो: क्लच, न्यूट्रल, जरा रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. दात झिजले तर बहिरू मिस्त्री लेथवर घडवून देतो.

काल घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी चढावर चाचणी झाली. माझा मेहुणा दत्तोबा कारखान्यात आहे, म्हणजे सर्वज्ञ. त्याने लालचा पहिला गिअर डबल क्लच न करता तसाच कोंबला. दात असे करकरले की देवळात नारळ फोडणाऱ्याचा हात वरच राहिला. उतरून म्हणतो, गिअरबॉक्स म्हातारा झालाय.

माझी बायको सरूबाई ट्रक अंगणात मागेपुढे करायची, एवढंच मला ठाऊक होतं. तिने भावाला बाजूला केलं, मला शेजारी बसवलं. ऐन चढावर गाडी दमली, सरूबाईचा पाय क्लचवर दोनदा दबला, आणि पहिला गिअर पडलेला मला कळलाही नाही. ती म्हणाली, "हीच घ्यायची. पर आदी लिवून द्या, तुमच्या मागं ही दत्तोबाच्या हाती जायाची न्हाई."

तेव्हा लिहून देतो की:

१. लाल गाडी घेणार. माझ्या पश्चात ती एकट्या सरूबाईची. हयातीत घाट उतरताना मी चालवीन, चढताना ती. ही अटही तिनेच घातलीय.

२. घर आणि पोस्टातली शिल्लक सरूबाई व मुलगी चिंगी यांना निम्मी निम्मी.

३. हत्यारं बहिरूला. त्यातला मोठा पाना दत्तोबाकडे आहे. वसुली बहिरूने आपल्या हिमतीवर करावी.

४. ज्याला यातलं काही मिळतं त्याला साक्षीदार करू नका, असं वकील म्हणाले. त्यामुळे पहिला साक्षीदार शोधावा लागला नाही.

लोणावळा, ९ फेब्रुवारी १९७३
सही: भिकाजी निवृत्ती केदारी

साक्षीदार:
१. दत्तोबा रामजी शेलार (वाचून, नाराजीने)
२. हनुमंत कान्हू ओव्हाळ, शेजारी