सुरी खाली होती

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी गप्प बसलो नाही! हे आधी लिहून ठेवतो, मग बाकीचं.

काल मगरिबच्या नमाजाच्या जरा आधीची गोष्ट. गुरुवार, दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे कुवेतमधला हा आमचा शर्कचा मासळीबाजार नुसता फुललेला. मासे साफ करून देतो त्या आमच्या ओट्यांपुढे नंबराचे कागद घेऊन माणसंच माणसं. मी हामूर माशाचं डोकं उडवत होतो. तेवढ्यात आरडाओरडा. एक पिकल्या केसांचा म्हातारा, हातात झुबैदीची पिशवी — झुबैदी म्हणजे आपलं पापलेट — आणि एक धटिंगण, तिशीचा असेल. कारण काय, तर नंबर! म्हातारा म्हणतो माझा आधी, हा म्हणतो माझा. हिंदीत तोंडातोंडी, मग छातीला छाती. भोवती तीस-चाळीस माणसं, सगळे बघे! वाजिद माझ्या शेजारच्या ओट्यावर, तोही बघतच उभा. म्हटलं, "वाजिद, सोडव रे त्यांना." तर म्हणे, "राहू द्या मुनव्वरभाई, होतील गप."

होतील गप! म्हाताऱ्याचं नरडं आवळल्यावर गप होणार का?

मी ओट्याला वळसा घालून निघालो. सुरी हातात होती. असणारच! सोळा वर्षांपूर्वी या कामाला लागलो तेव्हा उस्तादने पहिली गोष्ट ही शिकवली — सुरी ओट्यावर टाकून हलायचं नाही. कुणाचं पोर उचलेल, कुणाची बोटं जातील, जबाबदार तू. हातात ठेव नाहीतर कुलपात. सोळा वर्षं पाळतोय. हात रिकामा असला की मलाच काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.

गर्दीत घुसलो. पुढे दोघं-तिघं आडवे, काही वेळ नुसत्या पाठीच दिसत होत्या. त्यांना बाजूला केलं आणि पाहतो तर त्या धटिंगणाने म्हाताऱ्याला दंडाला धरून भिरकावला! फरशी ओली. पाय सटकला. डोकं ओट्याच्या कडेवर. तो आवाज लिहिता येत नाही.

सुरी खाली होती. मांडीला लागून. हे मी मखफरवर सांगितलं — म्हणजे पोलीस ठाण्यात — आणि इथेही लिहितो. "त्याने ढकललं" असं सांगितलं, अरबीत लिहून घेतलं, मी सही केली. त्या पोराचं नाव कमाल. डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. त्याला नेताना माझ्याकडे बघून ओरडला, "चाचा, छुरी तो आपके हाथ में थी!"

चोराच्या उलट्या बोंबा.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाजारात आज सगळे "मुनव्वरभाई, मुनव्वरभाई." आमच्या मालकाने स्वतः चहा पाजला. वर सांगितलंही, की मखफरवर तुझ्यासाठी मी बोललो आहे, घाबरू नकोस. मी कशाला घाबरू? मी काय केलंय?

सुरी मात्र पोलिसांनी नेली. नव्या सुरीची मूठ हाताला बसत नाही.

खैतानला खोलीवर आलो तर अफताब सुरू झाला. हा सालमियाच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे, माझ्या वरच्या खाटेवर झोपतो, आणि सगळं ह्यालाच कळतं!

म्हणे, "आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात भाई. भांडण दिसलं की आधी फोन. मग दोन हात लांब उभं राहून आवाज द्यायचा. अंगाला हात लावायचा नाही. आणि तुम्ही सुरी घेऊन गेलात!"

"घेऊन गेलो नाही. हातात होती."

"बघणाऱ्याला त्यात काय फरक?"

मी म्हटलं, मला शिकवू नकोस. तर खाटेवरून वाकून म्हणाला, "हत्यार घेऊन मध्ये पडतो तो सोडवणारा नसतो भाई. तो तिसरा भांडणारा असतो."

मी चिडलो. म्हटलं, तुम्हाला नुसतं उभं राहायचा पगार मिळतो, तुला काय कळणार! त्याने तोंडावर चादर ओढून घेतली. मग मलाच वाईट वाटलं. पण माफी मागितली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गावाहून असमाचा फोन. मी लपवणार होतो, पण वाजिदच्या बायकोने इथून फोन करून तिला आधीच सगळं सांगितलेलं. मिरकरवाड्यात बातमीला पाय लागतात ते असे.

"कोण लागत होता तो तुमचा? चुलता? मामा?"

"अगं, म्हातारा माणूस..."

"म्हातारा माणूस! आणि तुम्ही कोण, जवान? पन्नाशी उलटली. विकतचं दुखणं घ्यायची हौस जायची नाही तुमची." मग रडायला लागली. हिबाने तिच्या हातून फोन घेतला. "अब्बा, तुम्ही बरोबर केलंत. सगळे तुमच्यासारखे असते तर..." मुलगी माझ्यावर गेली आहे.

तरीही असमाचंच वाक्य डोक्यात राहिलं. कोण लागत होता?

कोणी नाही. म्हणून काय पडू द्यायचा?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज दवाखान्यात गेलो. म्हाताऱ्याचं नाव जयराम. आत सोडत नाहीत, नळ्या लावल्यात, शुद्ध नाही. बाहेर बाकावर त्यांची बायको फोनवर मराठीत बोलत होती. मी थबकलोच. वेंगुर्ल्याचे निघाले!

मी म्हटलं, मी मिरकरवाड्याचा. "म्हणजे आपल्याच बाजूचे की हो," म्हणाल्या. नाव सुहासिनी. सदतीस वर्षं कुवेतमध्ये, पुढच्या मार्चमध्ये कायमचं गावी जाणार होते. मग एकदम विचारलं, "बाजारात कुणीतरी मध्ये पडलं म्हणे. तुम्हीच का ते?"

मी हो म्हटलं.

त्यांनी हात जोडले. बाईने मला हात जोडले! थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. स्वतः नाही घेतला. नवऱ्याबद्दल सांगत राहिल्या. "हे तोंडाने फटकळ हो. पण राग तेवढ्यापुरता. पेटतात तेवढ्यात विझतात. मग त्या मुलाने एवढं का करावं?"

"असतात एकेक माणसं, वहिनी," मी म्हटलं.

"फाशी द्या म्हणत नाही मी. पण त्याला कळलं पाहिजे काय केलं ते."

"कळेल. माझी सही आहे त्यावर."

चहा अर्धाच टाकून निघालो. गोड होता चांगला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एक प्रश्न सकाळपासून पाठीस लागलाय. सुरी हातात नसती तर मी गेलो असतो का?

तीस वर्षांच्या धटिंगणापुढे रिकाम्या हाताने? गुडघा दुखतोय, दम लागतो... नसतो गेलो बहुतेक. वाजिदसारखा ओट्यामागे उभा राहिलो असतो. म्हणजे धीर माझा नव्हता, सुरीचा होता?

हे कुणाला सांगणार नाही. इथे लिहिलं तेवढं पुरे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मखफरवर बोलावलं. अधिकारी तरुण आहे, आवाज चढवत नाही. "लेश सिक्कीन?" — सुरी का? तीनदा विचारलं. मी उस्तादचा नियम सांगितला. दुभाष्याने तो कसा सांगितला देव जाणे, अधिकारी हसला. नियमाला हसला की मला?

मग म्हणाला, कमाल सांगतो तुझी सुरी वर होती. तू सांगतोस खाली. तो म्हणतो मी ढकललं नाही. तू म्हणतोस ढकललं. दोघांतला एक खोटं बोलतोय.

मी म्हटलं, ओट्यावर कॅमेरा आहे. आणा!

तर म्हणे मागवलाय, बाजाराच्या ऑफिसातून यायला आठवडा जाईल. तोवर कमाल आत. मी बाहेर, पण देशाबाहेर जायला बंदी. जाऊ दे, मला कुठे जायचंय? कॅमेरा आला की सगळं लख्ख होईल.

निघताना व्हरांड्यात कमाल दिसला. हातात बेड्या. दाढी वाढलेली, एवढ्याशा दिवसांत अर्धा झालाय. मला वाटलं शिव्या घालेल. तो हळू म्हणाला, "चाचा, याद करो. ठीक से याद करो."

मी मान फिरवली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वाजिदशी वाजलं.

त्याला म्हटलं, चल मखफरवर, साक्ष दे, की सुरी खाली होती. एवढंच एक वाक्य. अकरा वर्षं शेजारी उभा राहतोस, एका ताटात जेवतोस. तर म्हणे, "मला नीट दिसलं नाही, मुनव्वरभाई."

"चार हातांवर होतास!"

"मासा कापत होतो."

"खोटं! तू मला राहू द्या म्हणालास. बघत होतास तू."

तो नळाखाली हात धूत राहिला. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी हाक मारली होती तुम्हाला. मागून. दोनदा. तुम्ही ऐकली नाहीत."

"हाक कशाला?"

"जाऊ द्या."

मी त्याला नामर्द म्हटलं. सगळ्यांसमोर. इतर ओट्यांवरच्या सुऱ्या थांबल्या. त्याने उलट एक शब्द काढला नाही. वाजिद — जो एका माशीवरून अर्धा तास वाद घालतो! त्याची बायकोमुलं इथे त्याच्या इकामावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर आहेत, पोलिसांच्या भानगडीत पडायला भितो, दुसरं काय.

दुसरं काय असणार!

१६ नोव्हेंबर, रविवार

जयराम गेले. आज सकाळी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कामावर गेलो नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. वहिनींना तोंड दाखवायचा धीर झाला नाही. का, ते मलाच कळत नाही. मी तर वाचवायला गेलो होतो!

आता कमालवरचं कलम बदलणार. माणूस मेलाय. मालक फोनवर सांगत होता, वर्षानुवर्षं आत जाईल. बरं झालं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि फोनच ठेवून दिला.

दिवसभर डोळे मिटून तो क्षण आठवायचा प्रयत्न करतोय. पाठी बाजूला केल्या. त्याचा हात म्हाताऱ्याच्या दंडावर. फरशी. आवाज. त्याच्या आधीचं काही येत नाही. आणि माझा उजवा हात त्यात कुठे दिसतच नाही. स्वतःचा हात माणसाला दिसत नाही का? मग मी इतक्या खात्रीने कसं सांगितलं?

गर्दी बाजूला करताना एका हाताने करतो माणूस की दोन्ही हातांनी?

अफताब रात्रपाळीला निघाला तेव्हा मी विचारलं, "तू असतास तिथे, तर काय केलं असतंस?" तो बूट घालता घालता थांबला. मला वाटलं पुन्हा शिकवील. म्हणाला, "माहीत नाही भाई. खरंच. मीही पळत सुटलो असतो कदाचित." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. त्यापेक्षा शिकवलं असतं तर बरं होतं.

असमाला फोन केला नाही. तिचे चार येऊन गेले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कॅमेरा आला. उद्या दहाला बोलावलंय.

येऊ दे. सुरी खाली होती.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पाहिलं.

आवाज नाही, नुसती चित्रं. दोघं छातीला छाती लावून. मग कमाल मागे सरतो. स्वतःच्या हातातला नंबर जयरामना देतो. ते त्याच्या गालावर थाप मारतात, आपण पोराला मारतो तशी. दोघं हसतायत. माणसं पांगायला लागलीत.

मग कोपऱ्यातून मी. एप्रनवर रक्त, उजवा हात डोक्याच्या वर, सुरी त्यात. माझ्या मागे वाजिद, हात पुढे करून धावतोय.

जयरामांची पाठ माझ्याकडे. कमाल मला बघतो. त्यांना दंडाला धरून आपल्या मागे ओढतो आणि स्वतः सुरीपुढे येऊन उभा राहतो. ते मागे पडतात.

अधिकाऱ्याने विचारलं, पुन्हा लावू? मी नको म्हटलं. मग त्यानेच विचारलं, अजून काही सांगायचंय?

कमाल बाहेर बाकावर होता, बेड्यांत. मी म्हटलं, आधी त्याला सोडा.